चौथी प्रत

"बाबा, झेफर म्हणजे काय हो?"

फोनवर एवढंच आलं. मृणाली, माझी मुलगी, लिहिते मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत. त्यामुळे मला एकेक अक्षर जुळवून तोंडाने म्हणून बघावं लागतं, तेव्हा कुठे ते डोक्यात शिरतं. म्हणून बघितलं, डोक्यात शिरलं. तोवर मी चांगला ऐटीत बसलो होतो. दुपारचे चार, भाट्याच्या आमच्या घराची पडवी, आरामखुर्ची, मांडीवर फोन, आणि त्या फोनवरच्या चौकटींच्या खेळात नुकतेच मी एका फटक्यात एकोणसत्तर पॉइंट काढले होते. झेड, ई, पी, एच, वाय, आर. तिकडे डब्लिनला त्या वेळी साडेअकरा वाजतात, तिची हॉस्पिटलातली चहाची सुट्टी असते, आणि असा एखादा जबरी शब्द लावला की तिचं लगेच येतं, "वा बाबा!" आणि पुढे टाळ्या वाजवणारे दोन हात. त्या दोन हातांची मी वाट बघत होतो. तर हे आलं. झेफर म्हणजे काय! मला काय ठाऊक, कप्पाळ? मी फोन उलटा करून मांडीवर ठेवला, जसं काही तिला मी दिसत होतो. तर तो पुन्हा थरथरला. "इतकं इंग्रजी येतं तुम्हाला. आणि तेव्हा म्हणालात, मला काही कळत नाही." तेव्हा म्हणजे कधी, हे तिने लिहिलं नव्हतं. गरजही नव्हती. पंधरा वर्षांत तिने तो विषय एकदाही काढला नव्हता, मीही नाही, आणि आता तो अचानक या खेळातून, माझ्याच एकोणसत्तर पॉइंटांतून वर आला.

अहो, हा खेळ तिनेच फोनात घालून दिला. दोन वर्षांपूर्वी माझी बायको गेली, तेव्हा मृणाली आठ दिवसांसाठी आली होती. बायको होती तोवर आमचं बापलेकीचं बोलणं तिच्यातून चालायचं. मृणालीचा फोन यायचा, ही बोलायची, मधेच माझ्याकडे बघून म्हणायची, "विचारतेय गोळ्या घेता का म्हणून," मी म्हणायचो, "घेतो म्हणून सांग." ही गेली आणि फोन थेट माझ्या हातात आला, तर दोघांनाही काही सुचेना. तब्येत बरी? बरी. जेवलात? जेवलो. पाऊस? आहे. संपलं. जायच्या आदल्या दिवशी ती पडवीत बसून माझ्या फोनशी खटपट करत होती. म्हणाली, "बाबा, हे आपण खेळू. सात अक्षरं मिळतात, त्यांचा इंग्रजी शब्द लावायचा. तुमची पाळी झालेली दिसली की मला कळेल, तुम्ही उठलात, बरे आहात." म्हणजे खेळ कसला, हजेरीच ती. मी सुरुवातीला जे येतं ते लावायचो. कॅट, सन, गो. पाच पॉइंट, तीन पॉइंट. तिचे साठ झालेले असायचे तेव्हा माझे अकरा. त्याचं काही नाही, हरायला माझी ना नाही. पण तिचं उत्तर यायला दिवस दिवस लागायला लागला. मोठं माणूस लहान पोराशी किती वेळ खेळणार? कंटाळली असणार. हजेरी तर हजेरी, तीही बंद पडते की काय, असं मला झालं. तेव्हा मारुती मंदिरापाशी मोबाइलचं दुकान आहे तो दीपक, त्याच्याकडे गेलो. एके काळी माझ्याकडे टायपिंग शिकायला बसायचा. म्हणाला, "काका, यात काय हाय एवढा? अक्षरं टाका, शब्द भाईर." आणि त्याने मला ती साइट काढून दिली. हातातली अक्षरं तिच्यात टाकायची, की ज्या ज्या शब्दांत ती येतात त्यांची रांगच्या रांग उभी राहते. नुसता क्यू टाका, क्यू असलेले सगळे शब्द. त्यातला सगळ्यात पॉइंटवाला उचलायचा नि लावायचा. पहिला लावला आणि दोन मिनिटांत टाळ्या आल्या. "वा बाबा! काय शब्द!" माझ्या मुलीने मला वा म्हटलं. किती वर्षांनी म्हटलं ते मोजायला मी बसलो नाही. मी म्हातारा माणूस, हरखून गेलो, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा साइट उघडली. यात पाप ते काय, असं वर्षभर वाटत होतं.

खरं तर इंग्रजीचं ढोंग माझं जुनंच. मी टायपिस्ट. कोर्टाच्या फाटकाबाहेर पत्र्याच्या शेडमध्ये माझं टेबल, टेबलावर मशीन, आणि पाटी, सदानंद भाटकर, इंग्रजी टायपिंग. सगळे सदूभाऊ म्हणायचे. अडतीस वर्षं बसलो तिथे. मॅट्रिकला इंग्रजीत पस्तीस मार्क, तेही मास्तरांच्या कृपेने. पण टायपिंगच्या क्लासला पहिल्या दिवशीच सांगितलं होतं की वाचायचं नाही. वाचलंस की चुकलास. डोळ्याने अक्षर उचलायचं आणि बोटाला द्यायचं, मधे डोक्याला थांबा नाही. ते मला असं काही जमलं की विचारू नका. वकिलांचं गिचमिड अक्षर समोर ठेवा, मी गप्पा मारत, पान चघळत, टाइप करत जायचो आणि एक अक्षर इकडचं तिकडे व्हायचं नाही. आणि माझी चौथी प्रत! वर मूळ कागद, खाली तीन कार्बन, म्हणजे एका वेळी चार प्रती. इतरांची चौथी म्हणजे नुसता धूर. माझी चौथी पहिलीसारखी खणखणीत, कारण माझ्या बोटांत तेवढा जोर होता. वकील मुद्दाम म्हणायचे, सदूकडे द्या, समोरच्या पार्टीला वाचता तरी येईल. चौथी प्रत समोरच्या पार्टीची असते ना! आता इतकं इंग्रजी हाताखालून जाणारा माणूस इंग्रजी जाणत नाही, हे कुणाला पटेल? आणि मी तरी कशाला सांगू? शेजारी सरकारी पत्र घेऊन यायचे, मी चष्मा लावून वर-खाली बघायचो आणि म्हणायचो, "हां, ऑफिसात जाऊन भेटायला सांगितलंय." सगळ्याच सरकारी पत्रांत तेच असतं. मृणाली शाळेत असताना विचारायची, "बाबा, नेसेसरीचं स्पेलिंग?" मी टेबलाच्या कडेवर बोटं चालवायचो आणि बोटांनी काय केलं ते तिला वाचून दाखवायचो. एकदाही चुकलो नाही. ती आपली माझ्याकडे अशी बघायची की बस. तेवढ्या बघण्यावर मी तिला सगळी डिक्शनरी काढून दिली असती, अर्थ सोडून. तिचा तर विश्वासच होता की माझ्या बाबांना सगळं इंग्रजी येतं. तो मी वाढू दिला. कोण नाही वाढू देणार?

पंधरा वर्षांपूर्वीच्या त्या दिवशी कोर्टाला दिवाळीची सुट्टी लागणार होती, त्यामुळे सकाळपासून झुंबड. तीनच्या सुमाराला धाकू आला. एका वकिलाचा कारकून, लांज्याकडचा, नवाच लागलेला. हातात शाईने लिहिलेली बावीस पानं. "सदूभाव, आजच लावायचा हाय. पाचाच्या आत. साहेब थांबलेत." अशा कागदांत नावं नसतात, अर्जदार आणि सामनेवाली, एवढंच पुन्हा पुन्हा येतं. तारखांच्या जागा मोकळ्या, त्या नंतर पेनने भरतात. नावागावाचं पहिलं पान सगळ्यात शेवटी करायची आमची पद्धत, कारण कारकून ते पान नेहमी मागाहूनच आणतात. मी बसलो. बोटं सुरू. मला एवढं कळत होतं की नवराबायकोचं काही आहे, कारण असले कागद महिन्यात चार यायचे. मशीनचा ए माझ्या किंचित वर चढलेला होता, तो प्रत्येक ओळीत उडी मारत होता, आणि मी धाकूला विचारत होतो, "काय रे, गावाक कधी जातंस?" पावणेपाचला बावीस पानं झाली. धाकूने खिशातून नावाचा कागद काढून दिला. मी चार कागद, तीन कार्बन चढवले, आणि वरून खाली येऊ लागलो. रितेश अमुक तमुक, राहणार देवरूख. बोटं पुढे. विरुद्ध. आणि मग मृणाली. वय सव्वीस, नोकरी नर्स, मूळ राहणार देवरूख, सध्या राहणार भाट्ये. माझ्या घराचा पत्ता. तेवढा कागद मात्र मी वाचला, आयुष्यात पहिल्यांदा मी हाताखालचा कागद वाचला. मृणाली चार महिने घरी येऊन राहिली होती. आम्ही म्हणत होतो, जाईल परत, होतात कुरबुरी. रात्रपाळीवरून सासरी धुसफूस चाललेली, ती हळूहळू निवेल. आणि इथे तिच्याविरुद्ध बावीस पानं मीच काढून ठेवली होती. बोटं मशीनवर तशीच राहिली. धाकू म्हणाला, "काय झाला, सदूभाव? रिबीन अडाकली काय?"

आता इथेच सगळं आहे. मी उठू शकत होतो. चारही कागद ओढून फाडू शकत होतो. म्हणू शकत होतो, धाकू, ही माझी मुलगी, हे मी करणार नाही. पण पलीकडच्या टेबलावर दुसरा टायपिस्ट मोकळा बसला होता. त्याने ते पान पाच मिनिटांत केलं असतं, आणि सहा वाजायच्या आत सगळ्या कोर्टात झालं असतं की सदूच्या पोरीला नवरा सोडतोय नि सदूने कागद फाडले. लाज वाटली हो मला. मुलीची काळजी नाही, लाज. म्हटलं, "काय नाय रे, चष्मा," आणि ते पान पुरं केलं. हातांत गळाठा आला होता, तिच्या नावावर तर घामाने बोटं सरकत होती, कसंबसं केलं. पिना मारल्या आणि दिलं. प्रती बघायचं भानही नव्हतं. घरी आलो तर पडवीत रांगोळीचे ठिपके, आणि मृणाली आत करंज्या भरत होती. "बाबा, बघा मीठ बरोबर आहे का चिवड्यात." मी चिवडा खाल्ला. बरोबर आहे म्हटलं. सगळी दिवाळी मी गप्प बसलो. भाऊबीज झाली, तुळशीचं लग्न झालं, आणि मग एक दिवस कोर्टाचा बेलिफ ते कागद घेऊन, सायकल टेकवून फाटकात उभा राहिला.

तिने ती तेवीस पानं याच पडवीत वाचली. मी मागल्या दारी नारळ सोलायला गेलो. खोटं कशाला बोलू, पळालोच. ती तिथे आली. रडत नव्हती. हातात कागद होता, त्यावर बोट ठेवून म्हणाली, "बाबा, हा ए तुमच्या मशीनचा आहे." मी सोललेला नारळ पुन्हा सोलायला घेतला. "हे तुम्ही टाइप केलंत?" मी म्हणालो, "माझ्या हाताखालून रोज शंभर कागद जातात गो बाय. मला काय त्यातलं कळतं? इंग्रजी येत नाही मला." खरं बोललो होतो! आयुष्यात पहिल्यांदा इंग्रजीबद्दल खरं बोललो, आणि नेमकं तेच खोटं बोलण्यासाठी वापरलं. ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली, जणू माझ्याच तोंडातून दुसरं काही यायचं बाकी आहे. मग आत गेली. निकाल वगैरे पुढे दोन वर्षांनी संमतीने लागला, पण ती त्याच महिन्यात मुंबईच्या हॉस्पिटलात गेली आणि तिथून आयर्लंडला. मला बाबाच म्हणत राहिली, तुम्ही-आम्ही सगळं जिथल्या तिथे. पण स्पेलिंग विचारणारी ती पोर गेली ती गेलीच.

आणि मजा बघा, त्या बावीस पानांत काय होतं हे मला कळलं ते या साइटवरून. सहा महिन्यांपूर्वी क्यू आला होता हातात. क्यू म्हणजे दहा पॉइंट. साइटवर क्यू टाकला, रांग उभी राहिली, मी बोटाने सरकवत होतो आणि एका लांबलचक शब्दापाशी माझी डाव्या हाताची करंगळी आपोआप उडाली. क्यू करंगळीचा असतो. क्यू, यू, ए, डबल आर, ई, एल, एस, ओ, एम, ई. डोक्याला काही ठाऊक नव्हतं, पण हाताने तो शब्द ओळखला. त्या दुपारी तो त्याने अकरा-बारा वेळा तरी मारला होता. त्या साइटवर शब्दावर बोट ठेवलं की खाली मराठीत अर्थ येतो. तोवर मी कधी ठेवलं नव्हतं, मला पॉइंटांशी मतलब. त्या दिवशी ठेवलं. भांडखोर. माझ्या बायला, जी कुत्र्यालासुद्धा हाड म्हणताना आवाज चढवत नाही, तिला मी स्वतःच्या हाताने अकरा वेळा भांडखोर म्हटलं होतं, चार-चार प्रतींत. त्या दिवसापासून मी कानाला खडा लावला. शब्द लावायचा, अर्थ बघायचा नाही. म्हणून तर आज झेफर लावला, आणि झेफर म्हणजे काय ते मला ठाऊक नाही.

फोन मांडीवर उलटाच होता. मी सरळ केला. तिचे ते दोन ओळींचे शब्द तसेच. आता गंमत कशी झाली होती बघा. अर्थ बघून ऐटीत कळवला, तर ती म्हणणार, म्हणजे येतं की तुम्हाला इंग्रजी, मग तेव्हाही येत होतं. आणि नाही ठाऊक म्हटलं, तर साइटचं सांगायला हवं, म्हणजे वर्षभराच्या टाळ्या गेल्या. वर्षभर मी पॉइंट काढले नि प्रत्येक पॉइंटामागे तिच्या मनात पक्कं होत गेलं की बाबा तेव्हा सगळं जाणून होते. बोंबला! मी जिंकत होतो, जिंकत होतो, आणि तिकडे ती एकेक शब्द हिशेबाला धरून मला पुन्हा दोषी ठरवत होती. आणि तरी खेळत होती. हे माझ्या आता लक्षात आलं, आणि ते लक्षात आल्यावर बसवेना. असलं सगळं मनात धरूनसुद्धा पोर रोज चहाच्या सुट्टीत माझी पाळी झाली का बघत होती. मी खुर्चीतून उठलो, पुन्हा बसलो. मग साइट उघडली, झेफर काढला आणि त्यावर बोट ठेवलं. पश्चिमेकडून येणारी मंद झुळूक. एवढंच. भाट्याला दुपारी चारनंतर सुरूच्या बनातून जी येते ती. ती त्या क्षणाला माझ्या मानेवर होती, सदऱ्यात शिरत होती, सत्तर वर्षं रोज येते, तिला इंग्रजीत नाव आहे हे मला ठाऊक नव्हतं, आणि ते ठाऊक नसल्याने तिचं काही अडलं नव्हतं. मला एकदम हसू आलं आणि त्याच हसण्यात मी मृणालीचा नंबर लावला. विचार करत बसलो असतो तर लावला नसता.

"बाबा? काय झालं? बरं आहे ना?" तिचा आवाज घाबरा. मी असा आपणहून फोन करत नाही कधी.

"बरं आहे गो. बाय, मला झेफर म्हणजे काय ठाऊक नव्हतं. आत्ता बघितलं. वारा. पश्चिमेचा."

"मग लावलात कसा?"

"एक साइट आहे. अक्षरं टाकली की शब्द देते. दीपकने काढून दिली, मारुती मंदिराच्या."

ती म्हणाली, "म्हणजे गेलं वर्षभर मी कुणाशी खेळतेय?"

"त्या साइटशी. सन नि कॅट तेवढे माझे."

ती हसली. खरंच हसली, नाकातून फुस्स करून, शाळेत हसायची तशी. मागे कपबशांचा आवाज येत होता. मग हसणं थांबलं आणि ती अगदी सावकाश म्हणाली, "मग तेव्हासुद्धा तुम्हाला खरंच काही कळलं नव्हतं?"

दार उघडं होतं हो. होय म्हटलं की सुटलो. पंधरा वर्षांचं ओझं एका अक्षराने उतरत होतं, आणि ती स्वतःच दार धरून उभी होती. माझ्या तोंडात ते होय आलंसुद्धा.

"बावीस पानं कळली नाहीत," मी म्हटलं. "तेविसावं कळलं."

तिने विचारायच्या आत मीच पुढे बोललो.

"नावाचं पान. तुझं नाव, आपला पत्ता. ते मी वाचलं, बाय. वाचलं आणि पुरं केलं आणि धाकूच्या हातात दिलं. लोकांत हसं होईल म्हणून. मग दिवाळीभर तुझ्या हातचं खाल्लं नि गप्प बसलो. आणि तू विचारलंस तेव्हा इंग्रजीच्या मागे लपलो." मग राहिलेलंही म्हणून टाकलं. "चुकलो मी. तुझा बाप असून चुकलो."

कुणीतरी तिला इंग्रजीत हाक मारली, ती काहीतरी म्हणाली, पावलं वाजली, दार लागलं. मला वाटलं, ठेवला फोन. मग तिचा श्वास ऐकू आला.

"माझ्या प्रतीत माझं नावच नव्हतं, बाबा."

"काय?"

"माझी प्रत चौथी होती ना! रितेशचं नाव खणखणीत. गाव, वय, सगळं. माझ्या नावाच्या जागी नुसता कोरा कागद. कुणीतरी बॉलपेनने भरलं होतं." ती नाक ओढत होती. "तुमची चौथी प्रत कधी पुसट आलेली मी बघितली नाही. तेवढं एकच नाव उमटलं नव्हतं. मला काय कळायचं ते कळलं. आईला दाखवलं मी. आई म्हणाली, विचारू नको, सांगतील ते आपणहून. तरी मी विचारलं. आणि तुम्ही नारळ सोलत म्हणालात, मला काही कळत नाही."

माझी बायको, जाईपर्यंत माझ्या गोळ्यांची चौकशी करत राहिली आणि एका शब्दाने बोलली नाही. दोघी वाट बघत होत्या, आणि मी समजत होतो की कुणाला काही ठाऊक नाही.

"टाइप केलंत त्याचा मला राग नव्हता, बाबा," मृणाली म्हणाली. "माझ्या नावावर तुमचा हात पडला नाही, हे मी बघितलं होतं. तो कागद मी इथे आणलाय. तेवढ्यासाठीच आणलाय. राग होता तो तुम्ही तोंडाने नाही म्हणालात त्याचा. वाटलं, म्हणतील, आज म्हणतील, उद्या म्हणतील."

"पंधरा वर्षं लागली गो."

"लागली," ती म्हणाली. तिने नाक शिंकरलं. "माझी सुट्टी कधीच संपली, सिस्टर ओरडणार आता. ती साइट काढून टाका आधी. मी माझा शब्द लावते, मग तुमची पाळी. अर्थ येत असेल तोच लावायचा. तीन पॉइंट झाले तरी चालतील."

फोन ठेवला तरी मी तो कानालाच धरून होतो. मग आत गेलो. मशीन माजघरात कोपऱ्यात आहे, पंचा टाकून ठेवलेलं. शेड सुटली तेव्हा भंगारवाला मागत होता, दिलं नाही. पंचा काढला, फुंकर मारली, टेबलावर उचलून ठेवताना कंबर बोलली. खणात कार्बनचं पाकीट होतं, निळे, कडा वळलेले. चार कोरे कागद, मधे तीन कार्बन, ठोकून सारखे केले, रोलरवर चढवले. रिबीन पार वाळून गेलेली, बोट लावलं तर बोटाला शाई नाही. म्हणजे वरच्या कागदावर काही उमटणार नव्हतं. पण कार्बनला शाई लागत नाही, त्याला जोर लागतो. खुर्ची ओढली, बाह्या सारल्या आणि तिचं नाव मारलं. मृणाली सदानंद भाटकर, एकेक अक्षर असं की टेबल हललं. शेजारची गोदूबाई कुंपणावरून ओरडली, "काय ओ सदूभाव, पुन्ना कोर्टात बसतास की काय?" मी म्हटलं, "नाय ओ, घरचाच काम हाय." कागद काढले. वरचा कोरा, नुसते खळगे. दुसरा निळा, तिसरा निळा. चौथा उचलून उजेडात धरला. हात म्हातारा झाला, पण नाव सगळं होतं. त्याचा फोटो काढला, एकदा हलला, दुसऱ्यांदा बरा आला. पाठवला.

उत्तर यायला तासभर लागला, तिचे पेशंट असतात. तोवर मी साइट काढून टाकली, कशी काढतात ते दीपकला फोन करून विचारलं, तर म्हणतो, "काका, बक्षीस लागला काय?" मग फोन थरथरला. मी अक्षरं जुळवली, तोंडाने म्हणून बघितलं. "ए अजून वरच चढलेला आहे, बाबा." आणि पुढे ते दोन हात. एका शब्दालाही नाही, पॉइंटालाही नाही, नुसत्या तिच्या नावाला. खाली खेळाची खूण लुकलुकत होती, तिने तिचा शब्द लावला होता, चांगला बत्तीस पॉइंटांचा, आणि माझी पाळी आली होती. मी अक्षरं बघितली. एक एक्स होता, एक व्ही होता, साइटने यातून काय काय काढून दिलं असतं. मी टेबलाच्या कडेवर बोटं ठेवली, पाहिलं, ती कुठे जातात ते. टी, ई, ए. तीन पॉइंट. लावून टाकले, आणि ती अर्थ विचारील तेव्हा समोर असावा म्हणून आत जाऊन आधी चहा ठेवला.